दुखतंय, हे मी सांगेन

माझ्या अंगावर ऑपरेशनचे दोन वण आहेत. एक डाव्या कुशीत, एक उजव्या. दोन्ही मुतखड्याचे, दोन्ही सोलापुरातले आणि दोन्ही एकाच सर्जनच्या हातचे. तरीही डाव्या वणाबद्दल मी सहसा कुणाशी बोलत नाही. उजव्याबद्दल मात्र कुणी विचारलं नाही तरी सांगते.

ज्यांना ऑपरेशन सांगितलं आहे आणि त्यानंतरच्या दिवसांच्या धास्तीने ज्यांना अन्न गोड लागत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांची मापं आणि नावं मला विचारू नका, तो डॉक्टरांचा प्रांत. माझ्या वाट्याला जे आलं तेवढं सांगते.

मी शकुंतला. माहेर दुधनीचं. अव्वा, म्हणजे आमची आई, घरात कानडी बोलायची, आम्ही भावंडं शाळेत मराठी शिकलो. मॅट्रिक झाल्यावर टायपिंग शिकले आणि सोलापुरात एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. भवानी पेठेतल्या आमच्या बौद्ध वस्तीत तेव्हा नोकरीला जाणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आमचे हे कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. घरात आम्ही दोघं, मुलगी नीला आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायचे.

मुतखडा का झाला, याचं एक कारण मोकळेपणाने सांगून टाकते. आमच्या कचेरीत बायकांसाठी संडास नव्हता. सकाळी घरून निघाले की संध्याकाळी परत येईपर्यंत मी पाणी जवळजवळ प्यायचेच नाही. सोलापूरचा उन्हाळा आणि हे असलं पथ्य. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पिता?" तेव्हा मी मान खाली घातली. आज कुणी विचारलं तर खाली घालणार नाही. ज्यांनी कचेरी बांधली त्यांनी घालावी.

पहिली खेप

डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं तेव्हा नीला तान्हीच म्हणायची. कुशीवर आडवा मोठा छेद घेतात, बरगडीच्या अगदी खाली. श्वास घेतला की तो ताणतो. खोकला, उचकी, शिंक, कूस बदलणं, सगळं त्याच जागेवरून जातं.

दुखण्याचं इंजेक्शन ठरलेल्या वेळी मिळायचं. त्याचा जोर पुढची वेळ यायच्या कितीतरी आधी ओसरायचा. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे लावून पडून राहायचं. हाक मारली की कुणीतरी यायचं आणि म्हणायचं, "अजून वेळ झाली नाही, बाई." एक नर्स म्हणाली, "बाळंतपण सोसलंत ना? मग एवढ्याशाला काय झालं?" ती वाईट बाई नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.

मी ओरडले. पहिल्या दिवशी रडले, दुसऱ्या दिवशी ओरडले, तिसऱ्या दिवशी गप्प झाले. गप्प झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बरं वाटतंय. खरं तर मी श्वास घेणंच कमी केलं होतं. खोकला आला की दाबायचा. छातीत कफ साठला, ताप चढला, न्यूमोनिया झाला. नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. घरी आले तेव्हा नीला माझ्याकडे यायला तयार नव्हती. ओळखलंच नाही तिने.

त्या वेळी मी मनाशी ठरवलं, पुन्हा ह्या वाटेला जायचं नाही. काहीही झालं तरी.

फोटो

काही वर्षांनी उजव्या कुशीत कळ आली. कचेरीत मशीनवर बोटं चालू असताना आली आणि मी कागद अर्धवट सोडून टेबलावर डोकं टेकलं. जुनी ओळख होती, त्यामुळे काय आहे हे समजायला वेळ लागला नाही.

सर्जनसाहेबांनी एक्स-रेचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. उजव्या मूत्रपिंडाच्या तोंडाशीच खडा बसला होता. लघवी तुंबून मूत्रपिंड फुगत चाललं होतं.

"डावं तुमचं आधीच अधू झालंय," ते म्हणाले. "सगळा भार ह्याच्यावर आहे. हे गेलं तर मग माझ्या हातात काही राहणार नाही. ऑपरेशन लवकर करायला हवं."

मी म्हणाले, "मी नाही करून घेणार."

त्यांना वाटलं मला नीट कळलं नाही. त्यांनी पुन्हा समजावून सांगितलं. मला पहिल्या वेळीच कळलं होतं. मी तेच उत्तर दिलं.

हे माझ्याबरोबर होते, त्यांनी टांग्याने मला घरी आणलं. घरी आत्यांना कळलं तेव्हा त्या तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठल्या. "काय बोलतीस तू? पोरीकडं बघ की जरा." मी नीलाकडे बघितलं. बघायला मला कुणी सांगावं लागत नव्हतं. पण मन एकदा घट्ट झालं होतं, ते काही सुटेना. दोन-तीन दिवस आत्या ताट वाढायच्या, माझ्यापुढे सरकवायच्या आणि पाठ फिरवायच्या.

त्याच दिवसांत, मला न सांगता, हे एकटेच सर्जनसाहेबांना भेटून आले. गिरणीतली पाळी संपवून, अंगावर कापसाचे तंतू तसेच असताना गेले. तिथे काय बोलले ते मला साहेबांनीच नंतर सांगितलं. हे म्हणाले होते, "साहेब, ती मरायला भीत न्हाय. कापायलाबी भीत न्हाय. ती त्या इंजेक्शनची वाट बघायला भिती. तेवढं काय करता आलं तर बघा."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती. ह्या माणसाने माझ्या मनातलं असं नेमकं ओळखलं आहे, हे मला तेव्हा कळलं. एरवी ते 'जेवलीस का' ह्यापलीकडे फार बोलत नसत.

मालतीबाई

सर्जनसाहेबांनी मला भूल देणाऱ्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांना सगळे मालतीबाई म्हणत. सुती पातळ, वर पांढरा कोट, बारीक अंगकाठी. काही वर्षं विलायतेत काम करून त्या नुकत्याच परतल्या होत्या.

त्यांनी मला तपासायला टेबलावर झोपवलं नाही. खुर्ची दिली. म्हणाल्या, "मागच्या वेळी काय झालं ते सांगा. सावकाश सांगा."

मी सांगितलं. घड्याळ, हाका, ओरडणं, खोकला दाबणं, नीलाने न ओळखणं, सगळं. त्या मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. ऑपरेशनच्या त्या दिवसांबद्दल मला असं बसवून कुणी विचारलंच नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "तिकडे आता एक यंत्र करून बघतायत. पेशंटच्या हातात बटण असतं. दुखलं की त्याने दाबायचं. थोडंसं औषध नळीतून शिरेत जातं. आपल्याकडे ते यंत्र नाही. पण त्यामागचा विचार आपल्याला वापरता येईल. यंत्राच्या जागी सिस्टर असेल."

"म्हणजे मी म्हणेन तेव्हा औषध मिळेल?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा. किती द्यायचं ते मी ठरवणार, कधी ते तुम्ही. एका वेळी अगदी थोडं. दोन वेळांमध्ये जरा अंतर ठेवू, आणि दरवेळी सिस्टर आधी तुमचा श्वास बघेल."

"आणि मी सारखीच मागत राहिले तर?"

"तर झोप लागेल. झोपलेलं माणूस मागत नाही. तीच आपली राखण आहे. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. मागायचं ते तुम्ही स्वतः. दुसऱ्या कुणीही नाही."

मी म्हणाले, "माझीही एक अट आहे."

"बोला."

"मी दुखतंय म्हटलं तर 'एवढं काय दुखतंय' असं कुणी मला म्हणायचं नाही."

"माझ्यासमोर कुणी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माझ्यामागेही नाही."

मी तयार झाले. घरी येऊन आत्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि त्या चुलीपाशी जाऊन बसल्या. त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं की त्या रडतायत.

ऑपरेशनच्या आधी मालतीबाईंनी मला एक अभ्यास दिला. उशी कुशीवर घट्ट दाबून धरायची, खोल श्वास घ्यायचा, आणि मग खोकायचं. घरी मी ते रोज करायचे. नीला शेजारी बसून आपल्या पोटावर उशी दाबून माझ्यासारखीच खोकायची. शेजारणी डोकावून बघायच्या, ह्या मायलेकींना काय झालंय म्हणून.

टेबलावरची घंटी

वॉर्डाच्या मुख्य सिस्टर रूथ म्हणून होत्या. सोलापूरच्याच, उंचपुऱ्या, बोलणं थेट. त्यांना हे सगळं पटलेलं नव्हतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. मालतीबाईंना माझ्यादेखतच म्हणाल्या, "डॉक्टर, वॉर्ड भरलाय आणि आम्ही माणसं किती ते तुम्हाला दिसतंय. एका पेशंटसाठी सारखं पळायचं म्हणजे बाकीच्यांनी काय करायचं?"

"तीन दिवस करून बघू," मालतीबाई म्हणाल्या. "जड झालं तर मला सांगा, मी स्वतः थांबेन."

माझी खाट सिस्टरांच्या टेबलाजवळ हलवली गेली. उशाशी मालतीबाईंनी एक घंटी आणून ठेवली. वरून तळहाताने दाबायची, साहेबांच्या टेबलावर असते ना, तशी. ती बघून मला हसू आलं. आमच्या कचेरीत ती वाजली की मी हातातलं टाकून उठत असे. आता ती माझ्या हाताखाली होती आणि उठायचं दुसऱ्यांनी होतं.

भुलीतून जागी झाले तेव्हा आधी गिरणीचा भोंगा ऐकू आला, मग दुखणं आलं. तेच. उजव्या कुशीत कुणी निखारा ठेवल्यासारखं. मागच्या वेळची सगळी भीती एका झपाट्यात अंगावर आली. हात चाचपडत घंटीवर गेला आणि मी दाबली.

खरं सांगते, मला वाटलं होतं कुणी येणार नाही.

रूथ सिस्टर आल्या. त्यांनी माझ्या छातीकडे बघून श्वास मोजला. "दुखतंय?" एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. सलाईनच्या रबरी नळीत त्यांनी थोडंसं औषध सोडलं. काही वेळाने दुखणं मागे सरकलं. गेलं नाही, हे लक्षात घ्या. ज्यांना कुणी सांगितलं असेल की काहीच कळत नाही, त्यांनी विश्वास ठेवू नये. दुखणं होतंच, पण माझ्या छातीवर बसलेलं नव्हतं. मला श्वास घेता येत होता आणि विचार करता येत होता.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती सांगण्यासारखी आहे. घंटी दाबली की माणूस येतं, हे एकदा पटल्यावर मी ती कमी वेळा दाबू लागले. थोडं दुखायला लागलं की मी मनाशी म्हणायचे, बघू अजून जरा. आधीच्या वेळी हेच 'जरा' मला खायला उठायचं. आता ते माझ्या हातात होतं, म्हणून सोसवत होतं. दुखण्यात निम्मी भीती असते, असं मला वाटतं. निदान माझ्या दुखण्यात तरी होती.

दुसऱ्या दिवशी मी आणखी शहाणी झाले. कूस बदलायची किंवा खोकायचं असलं की आधी घंटी वाजवायची, औषधाला मुरायला थोडा वेळ द्यायचा, मग उशी दाबून काम उरकायचं. मी खोकले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, पण कफ सुटला. त्या घाणेरड्या कफाचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू.

आत्या

त्याच दिवशी दुपारी ते घडलं. मी औषध घेऊन झोपले होते. पुढचं मला शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी आणि रूथ सिस्टरांनी सांगितलं.

आत्या माझ्या उशाशी बसल्या होत्या. झोपेत मी कण्हत होते. माणूस झोपेत कण्हतं, त्याचा अर्थ दरवेळी दुखतंय असाच नसतो. पण आत्यांना ते ऐकवेना. त्यांनी घंटी वाजवली.

रूथ सिस्टर सिरिंज घेऊन आल्या. मी झोपलेली दिसले.

"कुणी वाजवली?"

"तिनंच सांगितलं," आत्या म्हणाल्या. "दुकतंय म्हनली. द्या की."

सिस्टरांनी माझा श्वास मोजला. तो आधीच संथ झाला होता. सिरिंज त्यांनी ताटलीत परत ठेवली. "आई, ह्या झोपल्यात. ह्यांना आता औषध द्यायचं नाही."

"झोपली न्हाय, कन्हतीय! तुमाला दिसत न्हाय व्हय?" आत्यांनी पुन्हा घंटी दाबली, आणि पुन्हा. सगळा वॉर्ड बघायला लागला. शेवटी मालतीबाई आल्या. त्यांनी आत्यांना बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं की एवढ्या संथ श्वासावर आणखी औषध गेलं असतं तर श्वास थांबलाही असता. झोपेतल्या माणसाला मागता येत नाही, त्यातच त्याचा जीव राखला जातो. दुसऱ्याने मागितलं की ती राखण संपते.

आत्यांनी घंटीवरून हात काढला आणि त्या बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या. मी जागी झाले तेव्हा त्यांची जागा रिकामी होती.

संध्याकाळी हे पाळीवरून आले. सर्जनसाहेबही मालतीबाई आणि रूथ सिस्टरांबरोबर फेरीला आले होते. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं.

हे म्हणाले, "साहेब, बंद करा हे. सगळ्यांना देता तसंच द्या. आमाला न्हाय हे जमायचं. उद्या माझ्याच हातून वाजली तर?"

साहेब मालतीबाईंकडे वळले. "मलाही वाटतं, धोका नको. उद्यापासून नेहमीसारखं ठरल्या वेळी देऊ."

मालतीबाई बोलायला लागणार इतक्यात मी म्हणाले, "साहेब, मला विचारा."

माझा आवाज बारीक होता, पण सगळे थांबले. आडवं पडून, नाकातोंडाशी नळ्या असताना चार उभ्या माणसांशी बोलणं सोपं नसतं. कचेरीत मी साहेबांसमोर 'होय साहेब' ह्यापलीकडे कधी गेले नव्हते.

मी म्हणाले, "घंटीने काही वाईट केलेलं नाही. सिस्टरांनी आधी श्वास बघितला, औषध दिलं नाही. म्हणजे जे ठरलं होतं तसंच झालं. आत्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं, एवढंच चुकलं. ते आता सांगून झालंय. मागच्या वेळी घड्याळावर औषध दिलंत तेव्हा मला न्यूमोनिया झाला होता. आज मी खोकले आहे. माझी छाती तपासून बघा, आणि मग ठरवा."

साहेबांनी स्टेथोस्कोप लावला. पाठीला लावला, पुन्हा पुढे लावला. बराच वेळ ऐकत राहिले.

रूथ सिस्टर मध्येच म्हणाल्या, "डॉक्टर, पळावं लागतं हे खरं. पण ह्या बाई उगाच बोलवत नाहीत. मला चालेल."

साहेबांनी नळ्या कानातून काढल्या. "छाती स्वच्छ आहे," म्हणाले. "चालू ठेवा."

मी यांना म्हणाले, "आत्यांना आत बोलवा."

आत्या आल्या पण खाटेपासून लांबच उभ्या राहिल्या. पदराचं टोक तोंडाशी धरलेलं. मी जवळ बसायला सांगितलं तरी बसेनात.

"मी मारलं असतं तुला," त्या म्हणाल्या.

"नाही हो आत्या."

"मागल्या टायमाला तू वरडत हुतीस आन् मी निस्ती बसून हुते. काय करू, कुनाला सांगू, कायबी कळत नव्हतं. ह्या टायमाला हाताशी काय तरी हाय म्हनलं. म्हनून वाजवली."

तोपर्यंत मला वाटायचं की त्या दुखण्यात मी एकटीच होते. ही बाई माझ्याइतकाच वेळ त्या खाटेशी होती, आणि तिला तर ओरडायचीही सोय नव्हती. मी त्यांचा हात धरून ठेवला. म्हणाले, "आत्या, आता तुमच्याकडे एक काम देते. घंटीला माझ्याशिवाय कुणाचा हात लागू द्यायचा नाही. यांचासुद्धा नाही."

ते काम त्यांनी असं केलं की विचारू नका. भेटायला येणारी माणसं खाटेजवळ आली की आत्या आधी त्यांना बजावायच्या, "हितं हात लावायचा न्हाय. तिचं दुकनं तिला ठावं." एकदा सर्जनसाहेबांचा कोट घंटीला घासला तेव्हा त्यांनाही सोडलं नाही. साहेब दोन पावलं मागे सरकून उभे राहिले.

उठले

तिसऱ्या दिवशी मी खाटेवरून पाय खाली सोडले. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला रूथ सिस्टर. खिडकीपर्यंत गेले. बाहेर आवारात कडक ऊन पडलं होतं, कडुलिंबाखाली नातेवाईक डबे उघडून बसले होते. शेंगाचटणीचा वास आला आणि मला चक्क भूक लागली.

साहेब फेरीला आले तेव्हा मी खुर्चीत बसले होते. बरोबरच्या शिकाऊ डॉक्टरांना ते म्हणाले, "मागच्या ऑपरेशनच्या वेळी ह्याच सुमारास ह्यांना ऑक्सिजन लावला होता. आज बघा. ह्यांनी आपलं दुखणं आपण सांभाळलंय."

मी एवढ्या वर्षांत टाईप केलेल्या कागदांबद्दल कुणी मला शाबासकी दिली नव्हती. हे वाक्य मात्र मी जपून ठेवलं आहे. मी मान वर करून बसले होते, आणि ती तशीच ठेवली.

त्या दिवशी संध्याकाळी मी घंटी रूथ सिस्टरांच्या हातात दिली. म्हणाले, "आता गोळीवर भागेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला वाटलं होतं, तुम्ही ही सोडणार नाही. मागून घ्यावी लागेल."

"लागत होती तेव्हा घेतली," मी म्हणाले. "आता लागत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः माझे केस विंचरून वेणी घालून दिली. ते त्यांचं काम नव्हतं.

खडा निघाला, मूत्रपिंड वाचलं. घरी परतले तेव्हा नीला दारातच उभी होती. तिने मला ओळखलं. कचेरीत रुजू झाल्यावर पहिलं काम म्हणून मी आणि आणखी दोघीजणींनी बायकांच्या संडासासाठी अर्ज दिला. कचेरीतले साहेब म्हणाले, बघू. आम्ही म्हणालो, कधी? तो बांधून व्हायला पुढे फार काळ गेला, पण झाला. पाणी मी आता घडाघडा पिते.

नरसम्मा

काही महिन्यांनी मालतीबाईंचा निरोप आला. एका बाईंच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, त्या घाबरल्या होत्या, मी येऊन बोलेन का. मी दुपारच्या सुट्टीत गेले.

नरसम्मा नाव. आमच्याच भवानी पेठेतल्या विणकर कुटुंबातली, घरी तेलुगू, मराठी मोडकी. जन्मभर मागावर काम करून खांदे चांगले भक्कम, पण खाटेच्या कडेला अशी बसली होती की जणू जागा अडवल्याबद्दल माफी मागतेय. नवरा शेजारी उभा होता. मालतीबाईंनी सगळं समजावलं होतं, पण ती नुसती मान हलवत होती.

मी पदर सरकवून तिला माझा वण दाखवला. तिने बोट लावून बघितला.

"नोप्पी?" तिने विचारलं.

माझी अव्वा दुखण्याला नोवु म्हणायची. मला अर्थ विचारावा लागला नाही. मी म्हणाले, "होय. खूप."

नवऱ्याने विचारलं, "बाई, तुमी ती घंटी किती वेळा वाजवली?" विचारण्यात असं होतं की जितकी कमी तितकी बाई चांगली.

"लागली तितक्या वेळा," मी म्हणाले. "ती परीक्षा नाही, दादा. कमी वाजवली म्हणून कुणी बक्षीस देत नाही."

मग नरसम्माला मी खुणांनी आणि तुटक शब्दांनी सगळं सांगितलं. दुखलं की तू दाब. तूच. हे नाहीत, सासू नाही, मुलगी नाही. झोप आली तर झोप. खोकताना उशी अशी धर. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी तिने एकच गोष्ट विचारली. ती तेलुगूत बोलली, नवऱ्याने मराठीत सांगितली. "ती इचारती, आपन बोलावलं तर ते येत्यात का? रागावत न्हाईत?"

"येतात," मी म्हणाले.

तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. माझाही आधी बसला नव्हता.

ऑपरेशननंतर चौथ्या-पाचव्या दिवशी मी पुन्हा गेले. ती उशीला टेकून ताठ बसली होती, केसांत अबोलीचा गजरा. मला बघून तिने शेजारची जागा हाताने थोपटली. मी बसले. तिने माझा हात हातात घेतला आणि आधीच जुळवून ठेवलेलं असावं तसं, एकेक मराठी शब्द मोजून उच्चारत ती म्हणाली,

"मी बोलावले. ते आले."